५ रुपयांचं तिकीट, २५५ रुपयांची पावती

संध्याकाळी सहा-साडेसहाला वाशी, नेरुळ किंवा पनवेलच्या जिन्याखाली काळ्या कोटातली टीसी मंडळी रांगेने उभी दिसली की गर्दीची चाल बदलते. कुणी खिशात हात घालतं, कुणी मोबाइल उघडतं, कुणी उगाचच मागे वळून फलाटाकडे बघतं. ज्यांच्याकडे तिकीट आहे तेसुद्धा क्षणभर दचकतात. पास आज पर्समध्ये टाकला होता ना? फोनला चार्जिंग आहे ना? रेल्वेच्या भाषेत या तपासणीला ‘फोर्ट्रेस चेकिंग’ म्हणतात. म्हणजे स्टेशनची किल्लेबंदी. सगळ्या वाटा धरायच्या आणि तपासल्याशिवाय एकालाही बाहेर सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा आकडा पेपरात येतो. ‘फुकट्या प्रवाशांकडून इतक्या लाखांची वसुली’ हा मथळा आता एवढा ओळखीचा झालाय की आपण वाचतो आणि पान उलटतो. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांत मध्य रेल्वेने तिकीट तपासणीतून सुमारे ३०० कोटी रुपये गोळा केले. हा आकडा एकट्या मुंबईचा नाही, भुसावळ, नागपूर, पुणे, सोलापूर हे सगळे विभाग धरून आहे. आणि त्यात फक्त विनातिकीट लोक नाहीत. चुकीच्या डब्यात बसलेले, सामानाचं भाडं न भरलेले, असे सगळे एकाच बेरजेत येतात. मथळ्यात मात्र सगळे ‘फुकटे’.

आमचा मुद्दा या एका शब्दापासूनच सुरू होतो. कारण पकडल्या गेलेल्या माणसांत ठरवून फसवणारा असतो, आळशी असतो, आणि निव्वळ चुकलेलाही असतो. कायदा या तिघांत फरक करतो. जिन्याखालच्या गर्दीत तो फरक पुसला जातो, आणि आपल्यातल्या अनेकांना तो माहीतही नसतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू

रेल्वे कायदा १९८९ सालचा आहे. विनातिकीट प्रवासाबद्दल त्यात दोन वेगळी कलमं आहेत, १३७ आणि १३८. दोन्ही एकच समजली जातात, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कलम १३८ हे साधं आहे. तुमच्याकडे योग्य तिकीट किंवा पास नाही, किंवा दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तुम्ही पहिल्या वर्गात बसलात. इथे तुमचा हेतू काय होता हे कुणी विचारत नाही. भाडं किंवा भाड्यातला फरक भरायचा, आणि त्यावर जादा आकार. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. लोकलचं सर्वात कमी भाडं ५ रुपये आहे, म्हणून जुईनगरहून नेरुळला आलेल्या माणसाला २५५ रुपयांची पावती मिळते. तुम्ही कुठून बसलात याबद्दल शंका असेल, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावता येतं. नेरुळला चढलेला माणूस वाशीला सापडला आणि त्याला नेरुळ सिद्ध करता आलं नाही, तर गाडी पनवेलहून निघाली म्हणून पनवेलपासून.

पैसे भरले की विषय तिथेच संपला. नाही भरले, तर रेल्वे मॅजिस्ट्रेटकडे वसुलीसाठी जाऊ शकते आणि तरीही भरले नाहीत तर दहा दिवसांपासून महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

कलम १३७ चं नावच फसवणुकीवर आहे. रेल्वेला फसवण्याच्या इराद्याने तिकिटाशिवाय प्रवास करणं, किंवा आधीच वापरलेलं तिकीट पुन्हा वापरणं. हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि न्यायालयाने खास कारण नोंदवलं नाही तर दंड ५०० रुपयांच्या खाली येत नाही. इथे ‘इरादा’ हा शब्द महत्त्वाचा. नियत बघितल्याशिवाय हे कलम लागत नाही.

आता समजा, नेरुळच्या जिन्याखाली एकाच वेळी चार जणांना बाजूला घेतलंय.

पहिला तरुण, हातात महागडा फोन, त्यावर एसी लोकलचा पास. दिसायला अगदी खरा, पण तो एआयला सांगून बनवलेला. दुसरी एक बाई, तळोज्याहून मेट्रोने बेलापूरला आणि तिथून लोकलने आलेली. तिने तिकीट ॲपवर काढलं होतं, पण फोन बंद पडलाय. तिसरा कॉलेजचा मुलगा, खिशात मोठ्या भावाचा पास. चौथे एक चाचा, दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून गर्दीच्या लोंढ्यात पहिल्या वर्गात ढकलले गेलेले.

चौघांपैकी पहिला १३७ च्याही पलीकडे गेलाय. बनावट कागद तयार करून फसवणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे काल्पनिक नाही. २०२५ च्या अखेरीस मध्य रेल्वेच्या एसी लोकलमध्ये असे नकली पास खरोखर सापडले आणि गुन्हे दाखल झाले. पकडले गेलेले लोक शिकलेले, नोकरीवाले होते. महिन्याचे दोन-अडीच हजार वाचवायला आयुष्यभराची नोंद अंगावर घेतली.

बाकी तिघांचं तसं नाही. चाचा १३८ मध्ये बसतात, फरक आणि २५० भरून सुटतात. भावाचा पास वापरणारा मुलगा कलम १४२ मध्येही अडकतो, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय पास जप्त. आणि गंमत अशी की पास देणारा भाऊसुद्धा दोषी.

त्या बाईचं काय? तिने पैसे भरलेत. रेल्वेच्या संगणकात तिच्या तिकिटाची नोंद आहे. पण नियम सांगतो की मोबाइलवरचं तिकीट दाखवता आलं नाही तर तिकीट नाही असंच धरायचं. स्क्रीनशॉट चालत नाही, नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रतिमाही चालत नाही. म्हणजे तिला २५० रुपये भरायचेत, आणि ज्या प्रवासाचे पैसे एकदा भरलेत त्याचं भाडंही पुन्हा. घरकाम किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईची ही निम्म्या दिवसाची कमाई आहे. आणि उद्याच्या बातमीत तीही फुकटी.

नकली पासवाल्यांनी जे केलं त्याची किंमत खरं तर हीच बाई मोजतेय. पूर्वी टीसी स्क्रीनवर हिरवा-पिवळा रंग बघून पुढे जायचे. आता ॲप पुन्हा उघडून दाखवा, तिकिटाचा नंबर दाखवा, असं विचारलं जातं, आणि ते रास्त आहे. काही जणांनी तर स्टेशनवरच्या क्यूआर कोडचा फोटो फोनमध्ये ठेवला होता. टीसी दिसला की डब्यात बसूनच तिकीट काढायचं, नाही दिसला तर फुकट. हुशारी म्हणून हे व्हिडिओ फिरले. मग रेल्वे नियम आवळते आणि आवळलेला फास सरळ चालणाऱ्याच्या गळ्याला लागतो.

आपल्या घरातलं बोलू

रेल्वेवर टीका करणं सोपं आहे. पण आपल्या मोहल्ल्यात, आपल्या घरात काय चालतं तेही बोलायला हवं.

दोन जावा एकाच पासवर आलटून-पालटून कुर्ल्याला जातात, ‘पैसे तर भरलेच आहेत ना, एका वेळी एकच जण जातो’ असं म्हणत. मुलगा सहा-सात वर्षांचा झालाय तरी ‘चार वर्षांचा आहे’ असं त्याच्यासमोरच सांगितलं जातं, कारण पाच वर्षांखाली तिकीट नसतं आणि पाच ते बारा अर्धं असतं. अर्ध्या तिकिटाचे पाच-दहा रुपये वाचतात, आणि मूल त्या दिवशी शिकतं की टीसीशी खोटं बोललेलं चालतं. रमजानमध्ये इफ्तारला घरी पोहोचायची घाई असते, खिडकीवर रांग असते, आणि रोजेदार माणूस ‘आजच्या दिवस चालेल’ म्हणून फलाटावर धावतो. दिवसभर पाण्याचा थेंब न घेणाऱ्याला पाच रुपयांचं तिकीट जड व्हावं हे विचित्र आहे, पण होतं. आम्हीही त्या गर्दीतलेच, म्हणून सांगतोय.

उलेमांनी यावर आजवर मोघम भूमिका घेतलेली नाही. विनातिकीट प्रवास जायज नाही, आणि पूर्वी केला असेल तर तेवढ्या रकमेचं तिकीट काढून ते न वापरता फाडून टाकावं म्हणजे रेल्वेचा हक्क अदा होतो, असं मसले विचारणाऱ्यांना अनेक मुफ्तींनी सांगितलेलं आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांची एक आठवण वडीलधारी मंडळी सांगतात. सहारनपूरहून कानपूरला जाताना त्यांच्याजवळ ऊस होता. त्याचं वजन करून भाडं घ्या, म्हणून ते रेल्वेच्या माणसाकडे गेले. तो म्हणाला, राहू द्या, आम्ही गार्डला सांगतो. मौलानांनी विचारलं, हा गार्ड कुठपर्यंत? गाझियाबादपर्यंत. पुढे? तो पुढच्या गार्डला सांगेल, कानपूरपर्यंत अडचण नाही. मौलानांचा प्रश्न होता, की आणि कानपूरच्या पुढे जो सफर आहे तिथे कोणता गार्ड सांभाळेल? त्यांनी भाडं भरलं.

ही आठवण इंग्रजांच्या काळातली आहे, जेव्हा रेल्वे परक्या सरकारची होती. आज ती आपल्याच करातून चालते.

पण हक्क दोन्ही बाजूंनी असतो

इथे आम्ही रेल्वेकडे वळतो. तिकीट काढणं ही प्रवाशाची जबाबदारी, मान्य. मग तिकीट काढता येईल अशी सोय ठेवणं कुणाची?

नवी मुंबईची रेल्वे इतर उपनगरांसारखी आपोआप आलेली नाही. मानखुर्दहून खाडी ओलांडून पहिली लोकल वाशीला आली ती १९९२ मध्ये. पुढे नेरुळ, बेलापूर, मग १९९८ मध्ये पनवेल, आणि ठाण्याची ट्रान्स-हार्बर २००४ मध्ये. या मार्गांचा सुमारे दोन तृतीयांश खर्च सिडकोने केला, बाकी रेल्वेने. तो खर्च वसूल करायला या मार्गांवरच्या तिकिटात अधिभार जोडला गेला. म्हणजे ऐरोलीचा, सानपाड्याचा, खारघरचा प्रवासी वर्षानुवर्षं आपल्या स्टेशनचे पैसे तिकिटातून वेगळे भरत आलाय. एवढे भव्य जिने, एवढे मोठे हॉल त्याच्या पैशाने उभे राहिले. आणि त्याच हॉलमध्ये तिकिटाच्या पाच खिडक्यांपैकी दोन उघड्या आणि मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद, हे दृश्य मुंबईत कुठल्याही स्टेशनवर रोजचं आहे.

लोकलची पद्धत मुळात उघडी आहे. दारं नाहीत, फाटकं नाहीत, कुणीही आत जातं, कुणीही बाहेर येतं. मुंबईसारख्या गर्दीत फाटकं लावली तर चेंगराचेंगरी होईल, म्हणून हे तसंच ठेवलंय आणि ते बरोबरच आहे. अशी पद्धत विश्वासावर आणि अधूनमधून होणाऱ्या तपासणीवर चालते. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं याच्या उलट. १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या ११ स्टेशनांच्या या मार्गावर तिकिटाशिवाय फाटक उघडतच नाही. तिथे भांडण नाही, टीसी नाही, दंडाची पावती नाही. तिथे अडचण भाड्याची होती. सुरुवातीला कमाल ४० रुपये होतं, डबे रिकामे धावत होते, मग सप्टेंबर २०२४ मध्ये सिडकोने ते ३० वर आणलं. भाडं लोकांना परवडायला हवं, हे तिथे वर्षभरात कळलं.

लोकलचं भाडं स्वस्त आहे, यात वाद नाही. २०२५ च्या जुलैत आणि डिसेंबरमध्ये रेल्वेने लांब पल्ल्याची भाडी वाढवली तेव्हाही उपनगरी भाडं आणि मासिक पास सोडून दिले. त्याच वर्षी एसटी २५ जानेवारीपासून १४.९५ टक्क्यांनी महागली आणि मे महिन्यात बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० झालं. म्हणून लोकलमध्ये तिकीट न काढण्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो, रांग असते. ज्याला गाडी चुकली की एपीएमसीत हजेरी चुकते, त्याला पंधरा मिनिटांची रांग म्हणजे दिवसाची मजुरी.

उपाय म्हणून फोन पुढे केला जातो. आधी यूटीएस ॲप, १ जुलै २०२५ पासून रेलवन, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाच्या उद्घाटनाबरोबर आलेलं ‘मुंबई वन’, ज्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी असे ११ जण एकत्र आहेत. चांगली गोष्ट आहे. मुलं झटकन वापरतात. २०२४ पासून तर घरबसल्या लोकलचं तिकीट काढता येतं. पण त्याचे नियम कुणी समजावून सांगत नाही. फोनवरचं लोकलचं तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो, सकाळी काढून दुपारी निघालात तर ते कामाचं नाही. रुळांजवळ, फलाटावर, गाडीत बसून ते काढता येत नाही. आणि ज्या अम्मीला मिस्ड कॉल द्यायलाही नातू लागतो, तिच्यासाठी हे सगळं आहेच कुठे?

बसचं मात्र वेगळं आहे. १९९६ पासून धावणाऱ्या एनएमएमटीत कंडक्टर तुमच्याकडे येतो. भांडण झालंच तर सुट्ट्या पैशांवरून होतं. तिकीट देणं हे तिथे माणसाचं काम आहे, म्हणून न काढल्याची तक्रारही कमी.

एक प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, विशेषतः नकाब घालणाऱ्या बहिणींकडून. ओळखपत्र आणि चेहरा जुळवायला सांगितलं तर? पासासोबत फोटोचं ओळखपत्र ठेवणं हा सगळ्यांसाठीचा नियम आहे, त्यात वाद घालू नये. महिला टीसींना दाखवते, असं शांतपणे सांगता येतं, आणि मोठ्या तपासण्यांत महिला टीसी असतातच. किल्लेबंदीची एक चांगली बाजूही आहे. सगळ्यांनाच थांबवलं जातं, त्यामुळे कपडे किंवा दाढी बघून निवडायला वाव कमी राहतो. आम्हाला तरी डब्यात एकट्याने फिरणाऱ्या टीसीपेक्षा जिन्याखालची रांग जास्त न्याय्य वाटते.

टीसींचीही बाजू आहे. दिवसाला शेकडो लोकांचे टोमणे ऐकणारा, अधूनमधून मार खाणारा तो एक नोकरदार आहे. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबई विभागात टीसींना अंगावर लावायचे कॅमेरे द्यायला सुरुवात केली. यातून दोघांचंही संरक्षण होतं. प्रवाशाने हात उचलला तर दिसेल, टीसीने अरेरावी केली तरी दिसेल. खटकतं ते वेगळंच. वर्षात एक कोटीहून जास्त दंड गोळा करणाऱ्या टीसींचं रेल्वे जाहीर कौतुक करते. ज्या कामाची वाहवा वसुलीच्या रकमेवर होते, त्यात चुकलेल्याला समजावून सोडणाऱ्या टीसीचं नाव कधीच येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये मध्य रेल्वेने ‘लकी यात्री’ योजना जाहीर केली होती, तिकीट असलेल्या प्रवाशाला रोज १०,००० आणि आठवड्याला ५०,००० रुपयांचं बक्षीस. कल्पना गोड आहे. पण लॉटरीपेक्षा तिकिटाची एक खिडकी जास्त उघडली असती तर आम्ही अधिक खूश झालो असतो.

दूरचं एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या मुद्द्याला नेमकं लागू पडतं. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्या विनातिकीट लोकांवर ‘सिंगल जस्टिस’ नावाच्या झटपट पद्धतीने खटले चालवत होत्या. एकच मॅजिस्ट्रेट बंद खोलीत कागद बघून शिक्षा देणार, आरोपी समोर नाही. त्यात ज्यांनी चुकून गैरलागू सवलतीचं तिकीट काढलं होतं असे लोकही गुन्हेगार ठरले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या मुख्य मॅजिस्ट्रेटने सांगितलं की १८८९ च्या कायद्याखालचे हे खटले या पद्धतीने चालवण्याचा अधिकारच कंपन्यांना नव्हता. सुमारे ७४,००० शिक्षा रद्दबातल ठरण्याची वाट मोकळी झाली. तिकीट नसणं चूक होतीच. पण चूक पकडणाऱ्याने कायदा पाळला नाही, तर तीही चूकच, असं तिथल्या न्यायालयाने मानलं.

जे मिळतं ते आपण मागतो का?

रेल्वेच्या सवलतींच्या यादीत एक ओळ आहे जी आपल्या घरांत फारशी कुणाला माहीत नाही. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत. आणि त्या ओळीत कंसात स्पष्ट लिहिलंय की मदरशांचे विद्यार्थीही त्यात येतात. सर्वसाधारण विद्यार्थ्यांना पासात ५० टक्के सवलत असते, ती लोकांना ठाऊक आहे, मोफतची नाही. गोवंडी, मानखुर्द, कुर्ल्याहून खांदेश्वरजवळच्या अंजुमन-ए-इस्लामच्या काळसेकर कॅम्पसपर्यंत किंवा वाशी-नेरुळच्या कॉलेजांपर्यंत येणाऱ्या आपल्या मुली किती आहेत बघा. या प्रत्येकीने किमान एकदा तरी कॉलेजच्या ऑफिसात सवलतीचं सर्टिफिकेट मागितलं पाहिजे आणि पासाच्या खिडकीवर मोफत पासाबद्दल विचारलं पाहिजे. नाही म्हणाले तर कोणत्या नियमाने, हे लेखी विचारावं.

दुसरी योजना आहे ‘इज्जत’ पास. नावच किती नेमकं. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना असंघटित कामगारांसाठी आली, २५ रुपयांत महिन्याचा पास. अट एकच, महिन्याचं उत्पन्न १५०० रुपयांपेक्षा जास्त नको. २००९ मध्येही ही मर्यादा कमीच होती. आज रोज पन्नास रुपये कमावणारा माणूस नवी मुंबईत शोधून सापडणार नाही. सापडला तर तो लोकलने कामाला जाण्याच्या अवस्थेत नसेल. ही मर्यादा वाढवावी, असं एक पत्र आपल्या खासदाराला गेलं पाहिजे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. घरकाम करणाऱ्या, फेरीवाल्या, माथाडी, शिवणकाम करणाऱ्या हजारो लोकांना तिकिटाच्या रांगेतून आणि दंडाच्या भीतीतून एका पासाने सोडवता येईल. किल्लेबंदीवर जेवढी माणसं लागतात, त्याहून कमी माणसांत.

आणि पकडलं गेलोच तर? आवाज चढवू नये, पळू नये. बिल्ला आणि ओळखपत्र बघावं, कारण लोकलमध्ये तोतये टीसी अनेकदा पकडले गेलेत. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि कुणाच्या खासगी नंबरवर तर अजिबात नाही. पावतीवर कुठून कुठपर्यंत आणि किती रक्कम लिहिलंय ते वाचावं. ‘फसवणूक’ असा शब्द असलेल्या कागदावर न वाचता सही करू नये, चूक झाली असेल तर चूक म्हणूनच नोंद मागावी. तक्रार असेल तर १३९ वर त्याच दिवशी करावी, पावतीच्या नंबरासह.

मुलींच्या आई-वडिलांसाठी एक खास गोष्ट. कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे, तिकीट नसलेल्या आणि पैसे न भरणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवता येतं. पण सोबत पुरुष नसलेली बाई किंवा मूल असेल, तर त्यांना वाटेतल्या कुठल्याही स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, किंवा जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, आणि तेही फक्त दिवसा. रात्री नऊच्या लोकलमध्ये एकट्या मुलीला कुणी ‘उतर खाली’ म्हणालं तर तिला हे माहीत असलं पाहिजे.

त्याच कायद्यात कलम ५५ आहे. तिकीट काढायला वेळ मिळाला नाही, तर गार्डची आधी परवानगी घेऊन, त्याच्याकडून तसा दाखला घेऊन प्रवास करता येतो, भाडं नंतर भरायचं आणि जादा आकार द्यावा लागत नाही. कुर्ल्याच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत पळत जाऊन गार्डकडे दाखला मागणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. कायदा करणाऱ्यांनी मात्र एवढं गृहीत धरलं होतं की घाईतला माणूस प्रामाणिक असू शकतो.

जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली की सवलतीच्या फॉर्मची घाई सुरू होते आणि पासाच्या खिडकीवर पहिले पंधरा दिवस हलायला जागा नसते. आमची विनंती आहे की मशिदींच्या कमिट्यांनी आणि आपल्या शाळांनी मे महिन्यातच एका जुम्यानंतर टेबल मांडावं. दोन कॉलेजची मुलं, एक चार्जर, फॉर्मची थप्पी. ज्या वडीलधाऱ्यांना ॲप जमत नाही त्यांना खिडकीवरून कागदी मासिक पास काढायला लावायचा, आणि ज्यांना जमतं त्यांना तासाभराचा नियम समजावून सांगायचा. पाहिजे तर तिथेच पॉवर बँकही विकायला ठेवा.